स्क्रोल लॉकवरची टिकली

कीबोर्डच्या वरच्या ओळीत, उजवीकडे, तीन बटणं असतात. प्रिंट स्क्रीन, स्क्रोल लॉक आणि पॉज. तुम्ही वीस वर्षं कॉम्प्युटर वापरत असाल तरी मधल्या बटणाला तुमचं बोट लागलं नसेल. लागलंच असेल तर फडकं मारताना. माझं घर या बटणावर चाललं. हे सांगितलं की समोरचा माणूस हसतो, म्हणून आधीच सांगून टाकते. हसून घ्या, मग पुढं जाऊ.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात माझं दुकान आहे, आणि मंगळवारी, शुक्रवारी मी इंदापुरात बसते. पाटीवर ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ एवढंच लिहिलंय. पण दुरुस्ती आता सगळेच करतात. माझ्याकडे लोक येतात ते रिकाम्या बटणांना काम लावून घ्यायला.

यात जादू काही नाही. कीबोर्डवरचं बटण दाबलं की ते अक्षर पाठवत नाही, नुसता एक नंबर पाठवतं. त्या नंबराचा अर्थ काय हे सांगणारा तक्ता कॉम्प्युटरच्या आत असतो. मी तो तक्ता बदलते. आपल्या अंगावर काय छापलंय हे बटणाला माहीत नसतं. ते गरीब असतं, सांगाल ते काम करतं. ज्या चार-पाच बटणांना कुणी कामच सांगितलेलं नाही, त्यांना मी सांगते. कुणाला एका बटणात सातबाऱ्याच्या अर्जाचा सगळा मायना हवा असतो, कुणाला आपली पदव्यांसकट सही. ठोकून भाव घेते. एकदा एक छापखानेवाले म्हणाले, “अक्का, ज्या बटणाला कुणी हात लावत न्हाय, त्याचं एवढं पैसं?”

मी म्हणाले, “भिगवण रोडला रिकामा प्लॉट बघायला गेलात तर मालक काय म्हणतो? हितं कुणी राहत न्हाय, फुकट घेऊन जा म्हणतो का?”

त्यांनी दोन बटणं करून घेतली. पॉज दाबलं की ‘चि. सौ. कां.’ आणि शेजारचं स्क्रोल लॉक दाबलं की ‘कै.’. त्यांच्याकडे लग्नपत्रिकाही व्हायच्या आणि दशक्रियेची कार्डंही, त्यामुळे दोन्ही लागायचं. पंधरा दिवसांनी एका नवरीचे मामा पत्रिकेचा नमुना घेऊन थेट माझ्या दुकानात आले. छापखानेवाल्यांनीच बोट दाखवून पाठवलं होतं. नमुन्यात नवरीच्या नावाआधी ‘कै.’ होतं. मामांनी कागद काउंटरवर ठेवला आणि विचारलं, “हे बटण तुमीच बसवलं का?” मी व्हय म्हणाले. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “पोरीनं अजून बघितलं न्हाय.” त्या दिवसापासून मंगल आणि अमंगल यांच्यात मी निदान एक वीत अंतर ठेवते.

उलटंही काम येतं, बटण बंद करायचं. कन्हेरीच्या दूध संकलन केंद्रातल्या एक बाई आल्या. म्हणाल्या, “कॉम्प्युटरात आडनाव खाणारा व्हायरस शिरलाय. नावात मधीच ‘राव’ घालायला गेलं की फुडचं आडनाव एकेक अक्षर गिळतंय.” व्हायरस नव्हता. इन्सर्ट नावाचं बटण चुकून दाबलं गेलं की असं होतं. मी ते तक्त्यातून काढलं आणि बाईंची खात्री पटावी म्हणून वरची टोपीही उपटून त्यांच्या हातावर ठेवली. पुढच्या वेळी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, टोपी स्टीलच्या डब्यात ठेवलीय आणि झाकण घट्ट लावलंय.

बटण बदललं की मी त्याच्यावर टिकली लावते. मखमली, मोठी, लाल. बोटाला न बघता सापडते, आणि घाम आला तरी महिनोन्महिने निघत नाही. माझे वडील मेंढरं राखायचे. दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर ओळखू यावीत म्हणून मेंढराच्या पाठीवर रंगाचा पट्टा मारायचे. मी टिकली लावते. फरक एवढाच की मेंढरू परत यायचं.

आता महादेवतात्यांची गोष्ट. खरं तर ही सांगायला बसले म्हणूनच वरचं सगळं सांगितलं.

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात, नाव सांगत नाही, तात्या काट्यावर क्लार्क होते. काटा म्हणजे वजनकाटा. उसाची गाडी आत आली की तिचं वजन होतं, ऊस उतरवून परत आली की रिकाम्या गाडीचं होतं. दोन्हीतला फरक म्हणजे त्या शेतकऱ्याचा ऊस. काट्यावरच्या माणसाचा हात चालेल तशी रांग चालते. रांग थांबली की उन्हात ऊस वाळतो, वजन घटतं, आणि शिव्या खिडकीतल्या माणसाला पडतात.

तात्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली. पंचवीस वर्षं त्यांचं काही अडलं नाही. मग कारखान्यानं पुण्याच्या एका कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात वजन नोंदवायला तीन बटणं एकदम दाबायची होती. चुकून वजन पडू नये म्हणून तशी व्यवस्था. तात्यांचा उजवा हात खिडकीतून ड्रायव्हरचं टोकन घेण्यात गुंतलेला, आणि डाव्या हाताच्या तीन बोटांनी ती तीन बटणं एकदम साधायची नाहीत. एकेका गाडीला चार-पाच वेळा प्रयत्न. रांग रस्त्यावर गेली. शेतकी अधिकारी साहेबांनी तात्यांना सांगितलं, आठवडाभरात हात बसला नाही तर गेटवर पाठवतो. गेट म्हणजे केबिनबाहेर, पत्र्याखाली, रजिस्टर घेऊन उभं राहायचं काम. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेल्या माणसाला तिथं पाठवायचं म्हणजे काय, हे कारखान्यात सगळ्यांना कळतं.

तात्या माझ्या इंदापूरच्या टेबलापाशी आले. त्यांनी भाव केला नाही. म्हणाले, “अक्का, मला खुर्ची सोडायची न्हाय. बाकी तुमी म्हणाल तसं.”

मी काट्यावर गेले, अर्धा दिवस त्यांच्यामागं उभी राहून नुसतं बघितलं. मग स्क्रोल लॉकवर ती तिन्ही बटणं बसवली, म्हणजे हे एक दाबलं की कॉम्प्युटरला तीन दाबल्यासारखं वाटायचं. पॉजवर पावतीची छपाई. दोन टिकल्या, एक लाल, एक हिरवी. ती बटणं कोपऱ्यात असतात, चुकून हात लागत नाही, म्हणजे साहेबांची चुकून वजन पडण्याची भीतीही मिटली. दुसऱ्या दिवशी रांग कारखान्याच्या आवारात होती. तिसऱ्या दिवशी तात्यांना ड्रायव्हर लोकांनी चहा पाजला.

पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर मध्ये एकदा येऊन हे बघून गेला. “कुणी केलं?” त्यानं विचारलं. तात्यांनी माझं नाव सांगितलं. त्यानं मोबाईलवर फोटो काढले. टिकलीचा जवळून काढला.

पुढच्या हंगामाच्या शुभारंभाला मांडव, खुर्च्या, हारतुरे. मी तिसऱ्या ओळीत. चेअरमन साहेबांनी माइकवर सांगितलं की, सॉफ्टवेअरमध्ये आता एका बटणावर वजन होतं, शेतकऱ्यांचा बहुमोल वेळ वाचतो, आणि ज्यांच्या कल्पनेतून हे झालं त्यांचा आपण सत्कार करतोय. इंजिनिअर उठला. शाल, नारळ, फोटो. तो म्हणाला, “आमच्या टीमनं ग्राउंडवर येऊन अभ्यास केला.” त्यांनी माझी व्यवस्था काढून टाकून तेच स्क्रोल लॉक थेट आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं होतं.

मागून तात्या कानाशी म्हणाले, “अक्का, उठून बोला की.”

मी उठले, पण बोलायला नाही. सरळ गाडीला किक मारली. माझा स्वभाव गरम आहे, हे बारामतीत सगळ्यांना माहीत आहे. मंगल कार्यात तोंड उघडलं असतं तर नारळ माझ्या हातून फुटला असता. घरी जाऊन शेतकी अधिकारी साहेबांना फोन केला आणि सांगितलं, तुमच्या कारखान्यात परत पाय ठेवणार नाही. साहेब म्हणाले, “बरं.” तो ‘बरं’ मला अजून ऐकू येतो.

दोन हंगाम मी पाळलं. तात्या मात्र यायचे. कधी मोबाईल घेऊन, कधी नुसतेच. म्हणायचे, “सोडा आता. बटण हाय, चालतंय. माझी खुर्ची हाय.” मी म्हणायचे, “तुमची खुर्ची हाय, माझं नाव न्हाय.”

एक गोष्ट मात्र मी त्यांना नेहमी बजावायची. आमच्याकडे दसरा झाला की आठवडाभर माझ्या दुकानात कीबोर्डांची रांग लागते. आत हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. ज्याच्यावर पोट आहे त्याची पूजा करायची, हे मलाही पटतं. मी माझ्या स्क्रू ड्रायव्हरची करते. पण कुंकू बटणाच्या फटीत गेलं की बटण चिकटतं. म्हणून तात्यांच्या कीबोर्डवर मी प्लास्टिकचं कव्हर घालून दिलं होतं आणि सांगितलं होतं की काय ती पूजा कव्हरवर करा.

“प्लास्टिकवरनं पोचत न्हाय, अक्का,” तात्या म्हणाले होते.

“मग लांबनं नमस्कार करा.”

तिसऱ्या हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळी काट्याची पूजा झाली. तात्यांनी कव्हर काढलं, स्क्रोल लॉकवरच्या टिकलीला हळदकुंकू लावलं, आणि टेबलाच्या कडेला नारळ फोडला. पाणी कीबोर्डात गेलं. दहा मिनिटांत भांडारातून नवा कीबोर्ड आला. सगळी बटणं चालत होती. वजन पडत नव्हतं.

मला फोन आला तेव्हा मी बारामतीच्या दुकानात कुलूप काढत होते. साहेब होते. दोन वर्षांत पहिला फोन.

“अक्का, काट्यावर वजन पडंना.”

“पुण्याला फोन करा.”

“केला. ते म्हणतायत केबल तपासा. दोनदा तपासली. बाहेर शंभरावर गाड्या हायत.”

“कीबोर्ड नवा बसवलाय का?”

“व्हय. जुन्यात पाणी गेलं.”

“उजव्या बाजूला आकडं नसलेला? छोटा?”

“तोच. औंदा खरेदी विभागानं सगळीकडं तेच घेतलेत. जुने भंगारात दिले.”

मला कळलं. त्या छोट्या कीबोर्डवर स्क्रोल लॉक नसतंच. जागा वाचवायला कंपन्या पहिलं तेच काढतात, कारण ते कुणी वापरत नाही. आणि पुण्याच्या शहाण्यांनी वजन फक्त त्याच बटणावर ठेवलं होतं.

आता ही पुढची ओळ मी या लेखात लिहावी की नाही यावर चार दिवस घालवले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कीबोर्डचं चित्र आणता येतं. त्या चित्रात स्क्रोल लॉक असतं, आणि माऊसनं ते दाबता येतं. सावकाश होतं, पण वजन पडतं, रांग हलते. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं आहे. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

मी म्हणाले, “येते. पण एक अट हाय. यार्डातल्या स्पीकरवरनं सांगायचं की हे बटण मूळ कुणी केलं. नाव, गाव.”

“अक्का, त्या स्पीकरवर टोकन पुकारत्यात. सत्कार न्हाय करत.”

“मग राहू द्या.”

“उद्या हापिसात या, शाल घालतो.”

“बंद खोलीतली शाल मला नको. शाल मी बाजारात घेईन.”

“वार्षिक अहवालात घालू.”

“अहवाल कोण वाचतं? तुमी वाचता का?”

साहेब म्हणाले, वरिष्ठांना विचारून सांगतो. दहा मिनिटांनी परत फोन, परत तेच. मग त्यांनी मध्ये कुणाला तरी घातलं, तोही शालीवर आला. घासाघीस मला नवी नाही. समोरच्याला घाई असली आणि आपल्याला नसली की भाव आपला, हे मी इंदापूरच्या टेबलावर शिकले. चौथ्या फोनला साहेबांच्या मागं आरडाओरडा ऐकू आला.

“अक्का, लोक तात्यांवर धावून जायला लागलेत. नारळ त्यांनी फोडला हे कळलंय सगळ्यांना.”

मी म्हणाले, “मग लवकर व्हय म्हणा.”

ते व्हय म्हणाले. चाळीस मिनिटं गेली होती. तिथून गाडीवर आणखी तास.

पोचले तेव्हा रांग फाट्यापर्यंत होती. केबिनमध्ये खुर्चीवर तिशीतला एक क्लार्क बसला होता, दहाही बोटं शाबूत. तात्या बाहेर ओट्यावर बसले होते. हातात टाइप केलेला कागद, घडी घातलेला. लोक फारच चढले तेव्हा साहेबांनी ओट्यावर उभं राहून जाहीर केलं होतं की, ज्याची चूक त्याच्यावर कारवाई झाली आहे, बदलीचा आदेश निघाला आहे. मग लोक थांबले.

तात्या म्हणाले, “आलात का. बघा की जरा, लोक ताटकळल्यात.”

मी आत गेले. त्या छोट्या कीबोर्डवर उजव्या हाताच्या कंट्रोल बटणाशेजारी एक बटण असतं, त्याच्यावर यादीचं चित्र असतं. तेही कुणी दाबत नाही. तात्यांच्या उजव्या करंगळीला बरोबर येईल म्हणून मी तेच धरलं. तक्त्यात एक ओळ बदलली: हे दाबलं की स्क्रोल लॉकचा नंबर जाऊ दे. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं, लाल लावली. पाच मिनिटं. नव्या क्लार्कनं दाबून बघितलं, वजन पडलं. तो म्हणाला, “मॅडम, मला तीन बटणं असती तरी चाललं असतं.”

मी साहेबांना बाजूला घेतलं. “तात्यांना बसवा आता.”

“आदेश निघाला अक्का. सही झाली. लोकांसमोर सांगितलंय.”

मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. समोरच्यानं न मागता मी माझा भाव उतरवला. म्हणाले, “ते स्पीकरचं सोडून द्या. नाव नको, गाव नको. त्या बदल्यात तात्यांना खुर्ची द्या.”

साहेब म्हणाले, “न्हाय अक्का. तुम्हाला शब्द दिलाय.”

नव्या क्लार्कला स्पीकरचं बटण सापडेना. ते टेबलाच्या खालच्या बाजूला आहे आणि दोनदा दाबावं लागतं, हे फक्त तात्यांना माहीत होतं. साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या. तात्यांनी चिठ्ठी लांब धरून आधी मनात वाचली. मग उभ्यानंच माइक ओढला आणि टोकन पुकारायच्या आवाजात म्हणाले, “सर्व वाहनचालकांना कळवण्यात येतं की, काट्यावरचं एका बटणाचं काम मूळ शालन ज्ञानदेव कोकरे, मुक्काम पोस्ट अंथुर्णे, यांनी केलेलं हाय.” थांबले. चिठ्ठी उलटी करून बघितली, मागं काही नव्हतं. “टोकन नंबर चार, काट्यावर या.”

खिडकीपाशीच्या ट्रॅक्टरवाल्यानं शेजारच्याला विचारलं, “कोण गेलं रं?”

“अंथुर्ण्याची कोण तरी बाई,” शेजारचा म्हणाला, आणि गाडी काट्यावर घेतली.

तात्यांनी टेबलाखालनं चपला काढल्या, त्या तिथंच सरकवून ठेवायची त्यांना सवय होती, आणि गेटकडे चालत गेले.

त्याला आता दोन हंगाम झाले. मी कारखान्यात जाते, बोलावतील तेव्हा जाते, अट घालत नाही. भांडारात भांडून चार मोठे कीबोर्ड ठेवायला लावलेत. साहेबांना तात्यांचा विषय तीनदा काढून बघितला. तिन्ही वेळा ते ‘बघू’ म्हणाले. गेटवर कॉम्प्युटर नाही. पत्रा आहे, स्टूल आहे, रजिस्टर आहे आणि दोरीला बांधलेलं पेन आहे. तिथं मला बदलण्यासारखं काहीच नाही.

गेल्या खेपेला मी तात्यांना सांगून टाकलं. “तात्या, त्या दिवशी मला फोनवरच सांगता आलं असतं. दोन मिनिटांत. तुमची खुर्ची राहिली असती.”

तात्यांनी रजिस्टरातून मान वर केली नाही. म्हणाले, “तवा राग आला हुता तुमाला. गेला का आता?”

“न्हाय.”

“मग बरोबर हाय,” ते म्हणाले, आणि तारीख टाकली.

बाकी लोकांना ते एकाच नावानं लिहितात, रांग असली की नुसतं आडनाव. माझं पूर्ण लिहितात. शालन ज्ञानदेव कोकरे, मुक्काम पोस्ट अंथुर्णे. सावकाश, सुवाच्य, मागं गाड्या हॉर्न देत असल्या तरी. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवून सहीच्या जागी बोट ठेवतात. आत जायचं कारण, असा एक रकाना आहे. त्यात ते दर वेळी ‘बटण’ लिहितात, आणि मी खाली सही करते.